सीमा सुरक्षा दल : सरहद्दीवरचा अहोरात्र पहारा

पंजाबमधील फिरोजपूर किंवा तरनतारन जिल्ह्यातील एखाद्या सरहद्दीवरच्या गावात शेतकऱ्याचा दिवस आपल्या शेताच्या बांधावर सुरू होत नाही. तो सुरू होतो काटेरी तारांच्या कुंपणातील एका दरवाजापाशी. तेथे ओळखपत्र दाखवावे लागते, अंगझडती द्यावी लागते, ट्रॅक्टर आणि अवजारे तपासून घ्यावी लागतात. मग दरवाजा उघडतो आणि शेतकरी कुंपणापलीकडच्या, परंतु भारताच्याच असलेल्या, आपल्या जमिनीत नांगर घालायला जातो. त्याच्या सोबतीला बंदूकधारी जवान असतात. ठरलेली वेळ संपली की सर्वांनी परतायचे आणि दरवाजा पुन्हा बंद व्हायचा. हा दरवाजा उघडणारे, बंद करणारे आणि त्याच्या आतबाहेरच्या भूमीवर रात्रंदिवस नजर ठेवणारे दल म्हणजे सीमा सुरक्षा दल, अर्थात 'बीएसएफ'.

भारताची भूसीमा सुमारे १५,१०६ किलोमीटर लांबीची असून ती सात देशांना भिडते. यांपैकी पाकिस्तान आणि बांगलादेश या दोन देशांलगतच्या सीमांची जबाबदारी सीमा सुरक्षा दलाकडे आहे. अडीच लाखांहून अधिक मनुष्यबळ आणि १९० हून अधिक बटालियन असलेले हे दल जगातील सर्वांत मोठ्या सीमारक्षक दलांमध्ये गणले जाते. 'जीवन पर्यन्त कर्तव्य' हे त्याचे ब्रीदवाक्य आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरची पहिली अठरा वर्षे पाकिस्तानलगतच्या सीमेचे रक्षण त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे होते. प्रत्येक राज्याची शस्त्रे वेगळी, प्रशिक्षण वेगळे आणि आदेशाची साखळीही वेगळी. शेजारच्या राज्यातील चौकीशी समन्वय साधायचा तर राजधान्यांमार्फत पत्रव्यवहार करावा लागे. शांततेच्या काळात ही व्यवस्था कशीबशी चालली. मात्र तिच्यातील दुबळेपणा १९६५ मध्ये कच्छच्या रणात उघडा पडला.

९ एप्रिल १९६५ रोजी पाकिस्तानी सैन्याने कच्छमधील सरदार चौकी, छाड बेट आणि बेरिया बेट येथे हल्ला चढवला. सरदार चौकीवर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनी संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या शत्रूला पराक्रमाने थोपवून धरले. ९ एप्रिल हा दिवस ते दल आजही 'शौर्य दिन' म्हणून पाळते. तथापि, प्रशिक्षित सैन्याच्या आक्रमणाला पोलिसी साधनांनी तोंड देता येणार नाही, हा धडा त्या घटनेने दिला. सीमेसाठी केंद्राच्या नियंत्रणाखालील, एकजिनसी आणि केवळ याच कामासाठी प्रशिक्षित केलेले दल हवे, असा विचार पुढे आला आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले. प्रारंभी त्यात २५ बटालियन होत्या आणि त्यांतील बहुतेक विविध राज्यांच्या सशस्त्र पोलिसांतूनच घेतलेल्या होत्या.

१९६८ मध्ये संसदेने सीमा सुरक्षा दल अधिनियम संमत केला व पुढील वर्षी त्याखालील नियम तयार झाले. या कायद्याने दलाला 'संघराज्याचे सशस्त्र दल' असा दर्जा दिला. दल केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते, संरक्षण मंत्रालयाच्या नव्हे. त्यामुळे ते पूर्णतः सैन्यही नाही आणि पूर्णतः पोलीसही नाही. जवानांवरील गंभीर आरोपांची सुनावणी दलाच्या स्वतःच्या सुरक्षा दल न्यायालयात होऊ शकते. ही तरतूद सैन्यातील कोर्ट मार्शलशी मिळतीजुळती आहे.

कामठीचे रुस्तमजी

या दलाचे पहिले महासंचालक खुसरो फरामर्झ रुस्तमजी यांचे विदर्भाशी जवळचे नाते होते. त्यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळच्या कामठी येथे झाला. १९३८ मध्ये ते तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले. पुढे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांनी सांभाळली, तसेच मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख म्हणून चंबळच्या दरोडेखोरांविरुद्धच्या मोहिमांचे नेतृत्व केले. १९६५ पासून १९७४ पर्यंत ते सीमा सुरक्षा दलाच्या प्रमुखपदी होते. वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या तुकड्यांना एका गणवेशात आणि एका शिस्तीत बांधण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

निवृत्तीनंतर रुस्तमजी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी त्यांनी वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखांच्या आधारे १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटला उभा राहिला. भारतातील जनहित याचिकांच्या इतिहासातील हा आरंभीचा टप्पा मानला जातो. १९९१ मध्ये त्यांना 'पद्मविभूषण' हा सन्मान मिळाला. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७१ ची कसोटी

स्थापनेला सहा वर्षेही झाली नव्हती, तोच दलाची मोठी परीक्षा झाली. २५ मार्च १९७१ च्या रात्री पूर्व पाकिस्तानात लष्करी दडपशाही सुरू झाली आणि निर्वासितांचे लोंढे भारतीय सीमेकडे वाहू लागले. त्यांना सर्वप्रथम सामोरे गेले ते सीमा चौक्यांवरील जवान. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातील योद्ध्यांना आश्रय, प्रशिक्षण आणि शस्त्रे देण्याच्या प्रारंभिक कामात या दलाचा सिंहाचा वाटा होता. १७ एप्रिल १९७१ रोजी बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी सीमेलगतच्या बैद्यनाथतला येथील आमराईत झाला. पुढे मुजीबनगर म्हणून ओळखल्या गेलेल्या या ठिकाणच्या समारंभामागेही दलाच्या अधिकाऱ्यांचे साहाय्य होते.

डिसेंबरच्या युद्धात दोन्ही आघाड्यांवर दलाच्या तुकड्या सैन्याच्या खांद्याला खांदा लावून लढल्या. पंजाब आघाडीवर धारातीर्थी पडलेले असिस्टंट कमांडंट राम कृष्ण वाधवा यांना मरणोत्तर महावीर चक्र प्रदान करण्यात आले. याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, दलाच्या तोफखान्याची उभारणी झाली. स्वतःचा तोफखाना असणे हे निमलष्करी दलांमध्ये या दलाचे वेगळेपण आहे.

शांततेतील आणि युद्धातील कर्तव्ये

दलाची कर्तव्ये दोन भागांत विभागलेली आहेत. शांततेच्या काळातील पहिले कर्तव्य आहे सीमाभागात राहणाऱ्या जनतेच्या मनात सुरक्षिततेची भावना निर्माण करणे. त्यानंतर सीमेपलीकडून होणारे गुन्हे रोखणे, अनधिकृत प्रवेश आणि बहिर्गमनास प्रतिबंध करणे, तसेच तस्करी आणि घुसखोरी थोपवणे ही कामे येतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. सरहद्दीवरचे गाव ओस पडले तर सीमेचे डोळे आणि कानच नाहीसे होतात, ही जाणीव त्यामागे आहे.

युद्धकाळात दलाच्या तुकड्या सैन्याच्या नियंत्रणाखाली काम करतात. ज्या भागात मोठ्या हल्ल्याचा संभव कमी आहे तेथे भूभाग राखणे, विमानतळांसारख्या महत्त्वाच्या ठिकाणांचे रक्षण, निर्वासितांचे नियंत्रण, युद्धकैद्यांवरील पहारा, स्थानिक वाटांची माहिती असलेले वाटाडे पुरवणे आणि मर्यादित स्वरूपाच्या चढाया ही कामे त्यांच्यावर सोपवली जातात. जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषेवर तैनात असलेल्या तुकड्या शांततेच्या काळातही सैन्याच्या कार्यात्मक नियंत्रणाखाली असतात.

याखेरीज निवडणूक बंदोबस्त, दंगलग्रस्त भागातील शांतता, छत्तीसगड आणि ओडिशातील नक्षलविरोधी मोहिमा अशा अंतर्गत सुरक्षेच्या कामांसाठीही दलाला पाचारण केले जाते. काश्मीरमध्ये १९९० च्या दशकात दहशतवादाविरुद्धच्या लढ्याचा मोठा भार याच दलाने वाहिला. संसदेवरील हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एक मानला गेलेला जैश-ए-महंमदचा म्होरक्या गाझीबाबा ३० ऑगस्ट २००३ रोजी श्रीनगरमध्ये दलाच्या कारवाईत मारला गेला. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, तेव्हा त्यातही सीमा सुरक्षा दलाच्या बटालियनचा समावेश करण्यात आला.

'एक सीमा, एक दल'

१९९९ च्या कारगिल संघर्षानंतर देशाच्या सुरक्षा व्यवस्थेचा आढावा घेण्यासाठी मंत्रिगट नेमण्यात आला. एकाच सीमेवर अनेक दले असली की जबाबदारी निश्चित करता येत नाही, असा निष्कर्ष २००१ मध्ये निघाला आणि 'एक सीमा, एक दल' हे तत्त्व स्वीकारले गेले. त्यानुसार चीनलगतची सीमा भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडे, नेपाळ व भूतानलगतची सीमा सशस्त्र सीमा बलाकडे, म्यानमारची सीमा आसाम रायफल्सकडे आणि पाकिस्तान व बांगलादेशच्या सीमा सीमा सुरक्षा दलाकडे अशी विभागणी झाली. सागरी क्षेत्राची जबाबदारी १९७८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या तटरक्षक दलाकडे आहे. कच्छच्या खाड्या आणि सुंदरबनच्या जलमार्गांत मात्र सीमा सुरक्षा दलाचा जल विभाग गस्त घालतो. तेथील काही चौक्या तरत्या आहेत.

दलाचे मुख्यालय दिल्लीत आहे. पश्चिम विभागाचे मुख्यालय चंडीगडला, तर पूर्व विभागाचे कोलकात्याला आहे. त्याखाली फ्रंटियर, सेक्टर, बटालियन अशी उतरंड असून सर्वांत खालचे आणि सर्वांत महत्त्वाचे एकक म्हणजे सीमा चौकी. टेहळणीचा मनोरा, बंकर, भोजनगृह आणि झोपण्याची बराक एवढाच या चौकीचा पसारा. तेथील जवानांचा दिवस गस्त, नाकाबंदी आणि तारांची पाहणी यांत जातो आणि रात्र जागरणात. राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांकडे झुकतो. उंटांवरून गस्त घालणाऱ्या पथकांचे महत्त्व तेथे आजही टिकून आहे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातील दलाचे उंटपथक आणि त्याचे वाद्यवृंद हे देशभर कौतुकाचा विषय ठरले आहे.

पश्चिम सीमा : तारा, भुयारे आणि ड्रोन

दोन सीमांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. पश्चिमेकडची सीमा लष्करी तणावाची आहे. पंजाबात दहशतवाद शिगेला पोचला असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे काटेरी कुंपण आणि प्रखर दिवे बसवण्यास प्रारंभ झाला. घुसखोरीला त्यामुळे बराच आळा बसला. मात्र कुंपण प्रत्यक्ष सीमेच्या, म्हणजे शून्य रेषेच्या, आत भारतीय हद्दीत असल्याने शेतकऱ्यांची हजारो एकर जमीन तारांच्या पलीकडे गेली. तेथे उंच वाढणारी पिके घेता येत नाहीत, कारण त्यांच्या आडोशाने घुसखोर लपू शकतात. विहिरीला रात्री पाणी देणे शक्य होत नाही. सुरक्षिततेची किंमत सरहद्दीवरचा शेतकरी अशा रीतीने रोज मोजत असतो.

तारांमुळे वरून येणे अवघड झाले, तेव्हा जमिनीखालून वाट काढण्यात आली. जम्मूच्या सांबा भागात २०१२ पासून अनेक भुयारे उघडकीस आली. त्यानंतर आकाशाचा मार्ग आला. २०१९ पासून पंजाबच्या सीमेवर ड्रोनद्वारे हेरॉइन, पिस्तुले आणि काडतुसे टाकण्याचे प्रकार वाढत गेले. दलाच्या पंजाब फ्रंटियरने २०२३ मध्ये १०७ ड्रोन हस्तगत केले. २०२४ मध्ये ही संख्या २९४ वर गेली. पाठीवर ओझे घेऊन रात्री तारा ओलांडणारा तस्कर गोळीच्या टप्प्यात तरी येत असे. काही शे ग्रॅम माल घेऊन अंधारातून येणारे छोटे यंत्र दिसतही नाही, केवळ त्याचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे ड्रोनविरोधी यंत्रणा आणि गावकऱ्यांकडून मिळणारी खबर या दोहोंवर आता मोठी भिस्त आहे.

अटारी-वाघा येथे १९५९ पासून होणारा ध्वज उतरवण्याचा सोहळा ही या सीमेची पर्यटकांना ठाऊक असलेली बाजू. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर या सोहळ्याचे स्वरूप मर्यादित करण्यात आले. दरवाजे न उघडता आणि हस्तांदोलन न करता तो पार पाडला जाऊ लागला. मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी जम्मू सीमेवरील गोळीबारात दलाच्या जवानांनी प्राणांची आहुती दिली. त्याच सुमारास फिरोजपूर भागात शेतकऱ्यांसोबत कुंपणापलीकडे गेलेला दलाचा एक जवान अनवधानाने शून्य रेषा ओलांडून पाकिस्तानी रेंजर्सच्या हाती सापडला. २३ एप्रिलला ताब्यात घेतलेल्या या जवानाची सुटका तीन आठवड्यांनी, १४ मे रोजी, अटारी येथे झाली. एरवी अशा चुका दोन्ही बाजूंचे अधिकारी ध्वज बैठकीत मिटवतात. तणावाच्या काळात मात्र चार पावलांची चूक एका कुटुंबाला तीन आठवडे टांगणीला लावते.

पूर्व सीमा : नद्या, वस्त्या आणि माणसे

बांगलादेशची ४,०९६ किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा ही भारताची सर्वांत लांब भूसीमा. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या पाच राज्यांतून ती जाते. भातशेती, नद्या, डोंगर आणि दाट लोकवस्ती यांतून गेलेली ही रेषा काही ठिकाणी गावाच्या मधून जाते. भाषा तीच, नातीगोती दोन्हीकडे, आणि बाजार जवळचा तोच आपला, अशी तेथील स्थिती आहे. पात्र बदलणाऱ्या नद्यांमध्ये तर सीमाखांबही टिकत नाहीत. २०२५ पर्यंत या सीमेच्या सुमारे ७९ टक्के लांबीवर कुंपण पूर्ण झाले होते. उर्वरित भागात नदीपात्र, दलदल, भूसंपादनातील अडचणी आणि शेजारी देशाच्या हरकती आड आल्या. १९७५ मध्ये ठरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक बांधकाम करायचे नाही असा संकेत आहे. म्हणून येथेही काही वस्त्या कुंपणाच्या पुढे राहिल्या आहेत.

या सीमेवरचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न 'छिटमहलां'चा, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांचा होता. १९७४ च्या इंदिरा-मुजीब कराराची अंमलबजावणी होण्यास चार दशके लागली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री बांगलादेशातील १११ भारतीय आणि भारतातील ५१ बांगलादेशी छिटमहलांची अदलाबदल झाली आणि हजारो माणसांना प्रथमच हक्काचे नागरिकत्व मिळाले.

गुरे, खोकल्याचे औषध, सोने आणि बनावट नोटा यांची तस्करी ही या सीमेची जुनी डोकेदुखी आहे. तस्करांच्या टोळ्या अंधारात शस्त्रांनिशी हल्ले करतात आणि त्यात जवान जखमी होतात. दुसरीकडे, गोळीबारात सामान्य माणसे मृत्युमुखी पडल्याने दलावर टीकाही झाली आहे. जानेवारी २०११ मध्ये कूचबिहार सीमेवर तारा ओलांडत असताना १५ वर्षांची एक बांगलादेशी मुलगी गोळी लागून मरण पावली. तिचा मृतदेह कित्येक तास तारांवर लटकत राहिला. ते छायाचित्र जगभर गेले. संबंधित जवानाला दलाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये निर्दोष ठरवले आणि फेरविचारानंतर २०१५ मध्ये तोच निर्णय कायम राहिला. मात्र या घटनेच्या काळातच प्राणघातक नसलेल्या शस्त्रांचा वापर वाढवण्याचे धोरण पुढे आले. जुलै २०११ मध्ये दोन्ही देशांनी समन्वित सीमा व्यवस्थापन योजनेवर स्वाक्षऱ्या केल्या. दोन्ही दलांच्या महासंचालकांच्या नियमित बैठका हा त्याच संवादाचा भाग आहे.

अधिकारांची मर्यादा आणि वाद

सीमाक्षेत्रात संशयितांना अटक करणे, झडती घेणे आणि माल जप्त करणे हे अधिकार दलाला कायद्याने दिलेले आहेत. मात्र गुन्ह्याचा तपास करून न्यायालयात खटला चालवण्याचा अधिकार दलाला नाही. पकडलेला माणूस आणि जप्त केलेला माल पोलीस, सीमाशुल्क विभाग किंवा अन्य सक्षम यंत्रणेकडे सोपवावा लागतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममधील या अधिकारांचे क्षेत्र सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर केले. गुजरातमध्ये ते ८० वरून ५० वर आणले आणि राजस्थानात ५० कायम ठेवले. ड्रोन आणि संघटित तस्करीचा आवाका वाढल्याचे कारण केंद्राने दिले. कायदा व सुव्यवस्था हा राज्यांचा विषय असल्याने हे संघराज्यीय रचनेवरचे अतिक्रमण आहे, अशी भूमिका त्या वेळच्या पंजाब व पश्चिम बंगाल सरकारांनी घेतली. दोन्ही विधानसभांनी विरोधाचे ठराव केले आणि पंजाबने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सीमेचे रक्षण केंद्राचे, तर सीमेवरच्या गावाचे प्रशासन राज्याचे, या दुहेरी व्यवस्थेतील ताण या वादातून स्पष्ट झाला.

भरती, प्रशिक्षण आणि महाराष्ट्र

दलाची प्रमुख अकादमी ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथे आहे. श्वानांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आणि अश्रुधुराची नळकांडी बनवणारा विभागही तेथेच आहे. महाराष्ट्राला परराष्ट्राची भूसीमा नसली, तरी लातूर जिल्ह्यातील चाकूर येथे दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. केंद्रीय सशस्त्र दलांतील शिपाईपदाची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतून देण्याची सोय झाली. ग्रामीण महाराष्ट्रातील तरुणांच्या वाटेतील भाषेचा अडसर त्यामुळे दूर झाला. महिला शिपायांची पहिली तुकडी २००९ मध्ये सीमेवर रुजू झाली. पंजाबात कुंपणापलीकडे शेतीसाठी जाणाऱ्या स्त्रियांची झडती घेण्याचा प्रश्न त्यातून सुटला. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी दलाच्या 'सीमा भवानी' या महिला मोटरसायकल पथकाने राजपथावर प्रथमच प्रात्यक्षिके सादर केली.

सीमा म्हणजे नकाशावरची एक रेषा, अशी शहरात राहणाऱ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ती शेत असते, नदी असते, कधी एखाद्याचे अंगण असते. त्या रेषेचे रक्षण करताना शत्रूला रोखायचे आणि त्याच वेळी रेषेजवळ जगणाऱ्या माणसाचे जगणे शक्य तेवढे सुकर ठेवायचे, अशी दुहेरी जबाबदारी सीमा सुरक्षा दलावर आहे. पहिले काम बंदुकीचे, तर दुसरे विश्वासाचे. रोज सकाळी कुंपणाचा दरवाजा उघडताना जवान आणि शेतकरी परस्परांकडे ज्या नजरेने पाहतात, तिच्यावरच त्या सीमेची खरी सुरक्षितता अवलंबून असते.